कोरमपुरत्या बायका

वसुधाकाकू, अन्याय झाला तो तुमच्यावर, शुभदाताईंवर आणि आपल्या मराठी मंडळाच्या अबू हलीफा शाखेतल्या प्रत्येक बाईवर. झाला २००५ च्या मे महिन्यात. ज्या आठवड्यात या आखाती देशाच्या संसदेनं इथल्या बायकांना मत दिलं, त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, सकाळचा नाष्टा उरकल्यावर आणि जुम्याच्या अजानच्या आधी. हे पहिल्यांदा लिहून टाकते. तुम्हीच सांगायचात, कोणावर आणि कधी ते आधी सांग, आरडाओरडा मागून कर.

तुमच्या जाण्याची बातमी मंडळाच्या मेलमधून सगळ्यांना गेली. जन्म, शिक्षण, मुलं, सगळं नीट दिलंय. शेवटी एक ओळ आहे, ‘मंडळाच्या कार्यात त्यांनी मोलाची साथ दिली.’ साथ म्हणे. मंडळाची घटना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तुम्ही लिहिलीत, आणि तुम्हाला साथ दिल्याचं सर्टिफिकेट मिळालं. मी उत्तर पाठवायला बसले होते. पहिल्याच वाक्यात ‘निर्लज्ज’ आलं. मग तुमची पेन्सिल आठवली आणि मी तो शब्द खोडला. बघा, तुम्ही नसताना खोडला.

तुमच्या हातात माझं पहिलं पत्रक पडलं ते आठवतं? मी मुंबईच्या कॉलेजातून पदवी घेऊन नुकती फरवानियाला अब्बांकडे आले होते. तीन वर्षं कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटून माझी भाषाच तशी झाली होती, दर ओळीला एक ‘धिक्कार’. तुम्ही ते डायनिंग टेबलावर ठेवलंत, चष्मा लावलात आणि विशेषणं खोडत गेलात. प्रतिगामी गेलं, मुजोर गेलं, सडलेली गेलं.

“काय उरलं?” मी विचारलं.

“दोन वाक्यं उरली. पण खरी आहेत,” तुम्ही म्हणालात. मग चहा ओतताना, “आणि हे बघ रुबीना, या देशात पत्रक वाटलंस तर बताका जमा करून घरी जावं लागेल. फक्त तुला नाही, अब्बांनाही. तेव्हा आता तोंडानं बोलायला शीक. एका वेळी एका माणसाशी. समोरचा उत्तर देतो, ही त्यातली अडचण आहे.”

बताका म्हणजे इथलं ओळखपत्र. तुमच्या बताक्यावर शेवटपर्यंत ‘गृहिणी’ होतं. नाशिकला कायद्याची पदवी घेऊन, कोर्टात उभं राहून, मग लग्न करून इथं आलेल्या बाईच्या ओळखपत्रावर. तुम्ही त्यावर कधी चिडला नाहीत. मीच चिडायचे, तुमच्या वाटचं.

हे वाचणाऱ्यांत नवे लोक आहेत, म्हणून तुम्हाला पाठ असलेलं पुन्हा सांगते. मंडळाच्या सात शाखा. साल्मिया आणि अब्बासिया मोठ्या, बाकीच्या लहान, आणि अबू हलीफा सगळ्यांत लहान. मंडळात मत माणसाला नाही, कुटुंबाला आहे. कुटुंबामागे एक, आणि ते कुटुंबप्रमुखानं द्यायचं. एकटा राहणारा पुरुष हेसुद्धा एक कुटुंब. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको, बापाच्या व्हिसावर आलेली माझ्यासारखी मुलगी, या सभासद आहेत पण मतदार नाहीत. बोलू शकतात, हात वर करू शकत नाहीत. आम्ही मागत होतो ते एका ओळीचं होतं, प्रत्येक सज्ञान सभासदाला एक मत.

पण घटना बदलायची तर दोन पायऱ्या. आधी सर्वसाधारण सभेत दोन-तृतीयांश मतं, मग शाखांची संमती, तीन-चतुर्थांश शाखांची. आणि या दुसऱ्या पायरीला प्रत्येक शाखा सारखी. साल्मियाला एक मत, अबू हलीफालाही एक. सातांच्या तीन-चतुर्थांश म्हणजे सहा शाखा लागतात. दोन अडून बसल्या की दुरुस्ती मेली.

पहिली पायरी आपण चढलो. साल्मियात भरलेल्या सर्वसाधारण सभेत टाळ्या झाल्या, लोकांनी तुमच्याबरोबर फोटो काढले. मग पाच शाखांनी होकार दिला. फरवानियानं नकार दिला. राहिली अबू हलीफा. तुमची स्वतःची शाखा. सगळे म्हणाले, झालंच आता.

तो शुक्रवार मी जन्मात विसरणार नाही. वर्तकसाहेबांच्या फ्लॅटवर सभा होती. इथं चार माणसं जमवायची तर परवानग्या लागतात, म्हणून आपल्या शाखासभा कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नावानं होतात. टेबलावर केक असतो. बिल्डिंगच्या हारिसनं, म्हणजे वॉचमननं, दार वाजवून विचारलं तर दाखवायला. त्या दिवशीही केक होता, अननसाचा. मी पाहुणी, फरवानियाची, म्हणून चपलांच्या रॅकशेजारी स्टुलावर. बोलायचं नाही या अटीवर.

रिफायनरीतल्या निम्म्या पुरुषांची सकाळची शिफ्ट होती. काकांची, तुमच्या यजमानांचीही. तुमच्या शाखेत ही पद्धतच पडून गेली होती, नवरा ड्यूटीवर असला की हजेरीला बायको यायची. वर्तकसाहेब बोटानं डोकी मोजायला लागले. दोनदा मोजली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “शुभदा, बाहेर ये जरा. कोरमला एक कमी पडतंय.”

आतून आवाज आला, “कांदा चिरतेय.”

“नंतर चिर गं. नुसती दारात उभी राहा.”

शुभदाताई दारात उभ्या राहिल्या. हातात सुरी, डोळ्यांत कांद्याचं पाणी. वर्तकसाहेबांनी त्यांच्याकडे बोट केलं, “झाला कोरम,” म्हणाले, आणि शुभदाताई आत गेल्या. मग सभा सुरू झाली. जी सभा बायकांच्या हजेरीवर उभी होती तिनं अर्ध्या तासात ठरवलं की बायकांना मत नको.

वर्तकसाहेब वाईट माणूस नाहीत. तुम्ही मला हे इतक्या वेळा सांगितलंत की आता मीच सांगते. ते म्हणाले, “वहिनी, तुमच्याबद्दल प्रश्नच नाही. पण उद्या एका घरातली दोन माणसं समोरासमोर उलटे हात वर करणार, मग घरी जाऊन काय होणार? शिवाय आपली शाखा लहान. साल्मियाची मतं दुप्पट झाली की आपल्याला विचारतो कोण?”

तुम्ही म्हणालात, “आपलीही दुप्पट होतील, वर्तक. वहिनी घरात आहेत, मोजून बघा.”

हशा झाला. हात वर झाले. नकार. आणि त्यानंतर, काकू, केक कापला. उरलाच होता म्हणून. शुभदाताईंनीच कापला, त्याच सुरीनं, धुऊन घेऊन. तुम्ही एक तुकडा घेतलात, आणि अगदी सहज विचारलंत, “वर्तक, इतिवृत्तात उपस्थित म्हणून शुभदाला धरलंत ना?”

“धरलं की वहिनी. आम्ही बायकांना पहिल्यापासून धरतो.”

“तेवढं स्पष्ट लिहा.”

मला वाटलं, आता तुम्ही त्यांना पकडणार. मी केकला हात लावला नव्हता. आपण खाली उतरलो. तुम्ही डोक्यावर ओढणी घेऊन माझ्याबरोबर बसस्टॉपपर्यंत आलात. समुद्र समोर होता आणि वारा भट्टीसारखा. मी सुरू झाले.

“ही सभा बेकायदा आहे. बायका मतदार नाहीत तर कोरममध्ये कशा? त्यांना वगळा, कोरम नव्हता. कोरम नव्हता तर नकारही नाही. मी आज लिहिते, उद्या सगळ्या शाखांना मेल.”

“लिही. मग काय होईल?”

“सभा परत घ्यावी लागेल.”

“त्याच्या आधी एक दुसरी दुरुस्ती येईल. कोरम फक्त मतदारांचा धरावा. आणि तिला सहा शाखा हां हां म्हणता मिळतील. आज घटनेत आपण एका ठिकाणी आहोत, रुबीना. ‘उपस्थित सभासद’. तिथं मी ‘मतदार’ लिहिलं नाही, मुद्दाम नाही लिहिलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. तू एक सभा पाडशील आणि ते दोन शब्द घालवून बसशील.”

मी म्हटलं, “म्हणजे गप्प बसायचं? मंडळातले बहुतेक लोक हो म्हणतायत. पाच शाखा हो म्हणतायत. आणि दोन कोपऱ्यांतल्या चार टाळक्यांनी अडवायचं. याला लोकशाही म्हणतात?”

“नाही. याला घटना म्हणतात.”

“अशी घटना कुठं असते?”

“अमेरिकेत असते. पन्नासांतली तेरा राज्यं अडली की दुरुस्ती पडते. लहानातली लहान तेरा घेतली तरी चालतं, एकेका शहराएवढी वस्ती असलेली. आपल्याकडे वेगळं. बरीचशी कलमं संसदच बदलते. राज्यांच्या अधिकाराला हात लागतो तिथं विधानसभा लागतात, त्याही निम्म्या. गोवा एकटा अडला, सिक्कीम अडलं, काही होत नाही. पण मोजताना मात्र गोवा एक आणि उत्तर प्रदेशही एकच. मी दोन्ही वाचलं आणि मंडळासाठी अमेरिकेचं उचललं.”

“अमेरिका आवडते?”

“नाही. साल्मियाची भीती वाटते.”

बस आली. मी चढले. खिडकीतून ओरडले, “कलमच बदललं पाहिजे तुमचं.” तुम्ही हातानं खूण केलीत, त्यालाही सहा शाखा लागतील. आणि हसत होतात. भर दुपारी, स्वतःच्या शाखेनं स्वतःचं मत नाकारल्यावर पाऊण तासानं, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हसत होतात.

साल्मियाची भीती म्हणजे काय ते मला घरी कळलं. त्या रात्री जेवताना मी फरवानियाला शिव्या घालत होते. अबू हलीफाचं सोडा, आमच्या शाखेनं नकार दिला होता, आणि त्या नकारात एक हात अब्बांचा होता. माझ्या अब्बांचा. मी ताट पुढे सरकवलं.

अब्बा म्हणाले, “जेव गो आधी. तुझी काकू तुला सांगणार नाय, म्हणून मी सांगतो.”

नव्वदीतली गोष्ट. आखाती युद्धानंतर सगळे परतले, मंडळ पुन्हा सुरू झालं, आणि दोन-तीन वर्षांत साल्मियाच्या लोकांना वाटायला लागलं की गणपतीच्या कार्यक्रमाला ‘एकटी’ माणसं फार येतात. एकटी म्हणजे बॅचलर, म्हणजे बायको गावी ठेवून फरवानियात एका खोलीत सहा-सहा जण राहणारे ड्रायव्हर, दुकानांतले सेल्समन, स्वयंपाकी. रत्नागिरीचे, रायगडचे, मराठवाड्याचे. अब्बा तेव्हा त्यातलेच. साल्मियानं दुरुस्ती आणली, इथं कुटुंब नसलेल्या सभासदाला ‘सहयोगी’ करावं, यावं, बसावं, मत नको. सर्वसाधारण सभेत ती सहज पास झाली. गाड्या भरून आले होते मत द्यायला.

“आणि मग शाखांकडे आली,” अब्बा म्हणाले. “आमी नाय म्हटलं. आमच्या एकट्याच्या नकारानं काय होनार? दुसरी शाखा कोणची अडली, सांग.”

मला ठाऊक नव्हतं.

“अबू हलीफा. इंजिनीयर लोक. फॅमिलीवाले. त्यांना आमचं काय पडलेलं? तुझी काकू घरोघर गेली होती. वर्तकच्या घरी तीन वेळा. तो वर्तक तेव्हा आमच्यासाठी हात वर करून ‘नाय’ बोलला. म्हणून आमी मंडळात राहिलो, आणि म्हणून तू आज आमाला शिव्या घालतेस.”

“मग आता तुम्ही आमच्या विरुद्ध का?”

“साधा हिशेब. तुला मत, तुझ्या अम्मीला मत, साल्मियाच्या सगळ्या बायकांना मत. आमच्या जुन्या खोलीतल्या सहा जणांची सहाच. तेव्हा फॅमिलीवाले दोन हात झाले, आमी एकच. उद्या परत ‘सहयोगी’ आणतील तेव्हा?”

मी तो सगळा राग घेऊन पुढच्याच दिवशी तुम्हाला फोन केला. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, त्यांना समजाव. तुम्ही म्हणालात, “अब्बांचं बरोबर आहे.” आणि पुढे, “त्यांची भीती खरी आहे, आणि तिच्यावर औषध तेच कलम आहे जे तुला मोडायचंय. शाखांची संमती आहे तोवर त्यांना कुणी सहयोगी करू शकत नाही. हे जाऊन सांग. आणि त्यावरही ते नाही म्हणाले तर नाही. दोन शाखांपैकी आपल्याला एकच फिरवायचीय. फरवानियाला राहू दे.”

राहू दे. आम्ही अजून राहिलोय. अब्बांचा नकार अजून नकारच आहे, आणि आम्ही एकाच टेबलावर जेवतो. वर्तकसाहेबांना हे कळवायला हरकत नाही, एका घरात दोन उलटी मतं आहेत आणि घर उभं आहे.

पण काकू, एक भांडण आपलं अर्धवट राहिलं, आणि ते मी इथं कौतुकाच्या शब्दांत गुंडाळणार नाही. एकदा मी तुम्हाला सरळ विचारलं होतं, ‘कुटुंबामागे एक मत’ हे घटनेत घातलं कुणी? तुम्ही भेंडी चिरत होतात. मान वर न करता म्हणालात, “मी.”

तेव्हा, म्हणालात, सगळी लिहिणारी मंडळी पुरुष होती आणि लिहिता येणारी एकटी तुम्ही. साल्मियाला शाखांची बरोबरी नको होती. तुम्हाला बरोबरी हवी होती आणि बायकांनाही मत हवं होतं. दोन्ही मिळत नव्हतं. तुम्ही एक घेतलंत, एक सोडलंत. “मला वाटलं, लहान शाखा वाचल्या तर मत नंतर मागता येईल. मोठ्यांच्याच हातात सगळं गेलं तर मागायला जागाच राहणार नाही.”

मी म्हटलं, “तुम्ही आमचं मत देऊन टाकलंत.”

“हो.”

“आम्हाला न विचारता.”

“तू तेव्हा दापोलीला शाळेत होतीस,” तुम्ही म्हणालात. ते उत्तर नव्हतं, आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं, कारण तुम्ही सुरी खाली ठेवलीत. मग तुम्ही मला भेंडी खायला थांबवलंत.

मी अजूनही म्हणते, तो सौदा चुकीचा होता. निम्मी माणसं बाहेर ठेवून लहानांचं रक्षण कसलं? अबू हलीफाचं रक्षण केलंत म्हणजे अबू हलीफातल्या कुणाचं केलंत? याचं उत्तर तुम्ही द्यायला हवं होतं. दोन-तीनदा मी विषय काढणार होते. तुम्ही थकलेल्या दिसायचात, मी म्हणायचे, पुढच्या शुक्रवारी. आणि त्याच वाक्याला जोडून दुसरंही एक सांगायचं राहिलं. त्या सौद्यामुळे माझे अब्बा मंडळात राहिले. परक्या गावात, सहा जणांच्या खोलीत, वर्षातून एकदा गणपतीच्या मांडवात ‘या दळवी, बसा’ असं कुणी म्हणावं म्हणून जो माणूस आठवडाभर आधी शर्टाला इस्त्री करून ठेवायचा, त्याला तुम्ही दारात उभं राहू दिलं नाहीत, आत बसवलंत. दोन्ही खरं आहे. मला दोन्ही एकदम म्हणता येत नव्हतं. तुमच्याकडून शिकायला अजून थोडा वेळ हवा होता.

मे महिन्यानंतर मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, अबू हलीफानं नकार दिला, विषय संपला. तुम्ही मध्यवर्ती समितीपुढे उभ्या राहिलात. तिथं तुम्हाला बोलता येत होतं, मत नव्हतं. मी मागच्या रांगेत होते. तुम्ही पाचच मिनिटं बोललात.

“घटनेत संमती द्यायची तरतूद आहे. नकाराची नाही. मी लिहिताना नकार हा शब्द कुठंही घातलेला नाही, शोधून बघा. शाखेनं होकार दिला की तो दिला, परत घेता येत नाही. नकार मात्र नोंदवून संपत नाही. जोवर संमती नाही तोवर प्रश्न उभा आहे, आणि शाखेला तो पुन्हा विचारता येतो. नाही म्हणायचं असेल तर त्यांनी दर वेळी नव्यानं नाही म्हणावं.”

अध्यक्ष म्हणाले, “वहिनी, हा वकिली कीस झाला.”

तुम्ही म्हणालात, “हो, मी वकील आहे.”

तेवढंच. आवाज चढला नाही. मी तीन वर्षं गेटवर घसा फोडला होता आणि मला एवढी टाळी कधी पडली नव्हती. बारा-तेरा वर्षं या माणसांनी तुम्हाला वहिनी म्हटलं होतं, त्या दिवशी जाताना एक जण ‘मॅडम’ म्हणाला. तुम्हाला ते आवडलं नाही. गाडीत म्हणालात, “वहिनीच बरं होतं. वहिनीला नाही म्हणणं जड जातं.”

आणि मग सप्टेंबर. त्याबद्दल मात्र मी तुम्हाला आयुष्यभर सलाम करीन. सुट्ट्या संपवून सगळे परतले होते. दिवाळीच्या कार्यक्रमाची समिती निवडायला अबू हलीफाची सभा होती, पुन्हा वर्तकसाहेबांकडे, पुन्हा केक. तुम्ही आधी शाखेतल्या एकेका बाईला फोन केलात. भाषण नाही, घोषणा नाही. “शुक्रवारी सभा आहे. येणं सक्तीचं नाही, एवढंच सांगायला फोन केला.” शुभदाताईंना तुम्ही फोन केलाच नाहीत. नवऱ्याच्या घरी सभा, त्यांना कसं सांगायचं, म्हणून. त्यांनीच तुम्हाला केला. “वसुधा, मी शुक्रवारी सकाळी भाजी आणायला जाणार आहे. सांगून ठेवते.”

वर्तकसाहेबांनी डोकी मोजली. पुन्हा मोजली. स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली. आत कोणी नव्हतं. जमलेल्या पुरुषांनी एक तास वाट पाहिली, ड्यूटीवरच्यांना फोन लावले. कोरम झाला नाही. दिवाळीची समिती झाली नाही. केक मात्र त्यांनी स्वतः कापला म्हणे, आणि कापता न आल्यामुळे निम्मा टेबलावर पडला. हे मला शुभदाताईंनी सांगितलं. सांगताना त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

मी विचारलं होतं, “काकू, मे महिन्यात मी म्हणत होते तेच ना हे? बायकांशिवाय कोरम नाही?”

“तेच. पण तू ते लिहून सांगणार होतीस. आता त्यांनी मोजून पाहिलं.”

त्याच आठवड्यात वर्तकसाहेब तुमच्या घरी आले. माणूस खरा म्हणते मी ते याच्यासाठी. चहा घेतला, कपाकडे बघत म्हणाले, “वहिनी, आम्ही तुम्हाला धरत होतो ते नुसतं धरतच होतो, असं शुभदा म्हणते.” मग म्हणाले, दुरुस्तीचा विषय पुन्हा घेऊ. रोजे आले, दिवाळी आली, ईद आली, लोक गावी गेले, तारीख पुढे गेली. शेवटी ठरली. येता शुक्रवार.

आणि तुम्ही त्याच्या आधी गेलात. मी याच्यावरही चिडले आहे, कुणावर ते कळत नाही.

तुम्हाला मायदेशी नेलं त्या दिवशी विमानतळावर, कार्गोच्या गेटबाहेर आम्ही उभे होतो. काका एकटे आत, कागदांसाठी. फरवानियातून एक व्हॅन भरून माणसं आली होती, ड्यूटी सोडून, मालकाला काहीतरी सांगून. अब्बा होते. दुरुस्तीला ज्यांनी नकार दिला ती सगळी माणसं, काकू, तुमच्यासाठी उन्हात उभी होती. वर्तकसाहेबही होते, जरा लांब. अब्बा त्यांच्याजवळ गेले. मी पुढे सरकून ऐकलं.

“वर्तकसाहेब, तेव्हा तुमी आमच्यासाठी अडलात. आता सोडा. आमी नाय सोडनार, आमची गोष्ट वेगळी. तुमची काय गोष्ट हाय?”

वर्तकसाहेब चष्मा काढून पुसत राहिले. मला तेव्हा कळलं की अब्बा इतके महिने हे कुणालातरी विचारायला निघाले होते.

मी तुमच्या घटनेशी अजून सहमत नाही. दोन लहान शाखांनी सगळं अडवून धरावं, हे मला आजही खुपतं. पण आज उरलंय ते एकच दार, आणि त्याची चावी सगळ्यांत लहान शाखेकडे आहे. ते दार तुम्ही ठेवलंत म्हणून त्यावर थाप तरी मारता येते. तुम्ही हयातभर तेच केलंत. एका वेळी एक दार.

काकू, आता तुमच्याशी बोलणं थांबवते. खाली जे आहे ते तुमच्यासाठी नाही. विशेषणं मी काढली आहेत.

अबू हलीफाच्या मतदारांनो, शुक्रवारी सभा आहे. शिफ्ट बदलून घ्या आणि स्वतः या. शाखेतल्या बायका येणार आहेत, शुभदाताई स्वयंपाकघरात नसतील, पुढच्या रांगेत असतील. दुरुस्तीला संमती द्या. तुमच्या एका होकारानं सहा शाखा पूर्ण होतात. ज्यांना नाहीच म्हणायचं आहे त्यांनी जरूर म्हणावं, तो हक्क तुम्हाला वसुधाकाकूंनी दिला आहे. पण मग त्या बायकांना आधी मोजू नका.